अरिसाकावरची पुसलेली शेवंती

१/ दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी परतलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांनी जपानी अरिसाका रायफल आठवण म्हणून सोबत आणली. तिच्या नळीच्या मागील भागावर सोळा पाकळ्यांची शेवंती कोरलेली असे. शस्त्र सम्राटाच्या मालकीचे असल्याची ती खूण.

२/ रणांगणावर हाती लागलेल्या रायफलींवर ही शेवंती बहुधा शाबूत आढळते. १९४५ च्या शरणागतीनंतर जमा झालेल्या असंख्य रायफलींवरून मात्र ती घासून काढलेली दिसते.

३/ संग्राहक शाबूत शेवंतीला अधिक किंमत मोजतात. त्यामुळे काही जण पुसलेले चिन्ह पुन्हा कोरून घेतात. माझ्या मते हा इतिहासाचा अपलाप आहे. ती खरवडलेली जागा एका साम्राज्याच्या पराभवाचा दस्तऐवज आहे. शिलालेखातील नकोशी ओळ छिन्नीने उडवणे आपण सहन करू का?

४/ शस्त्र घरी नेताना सैनिकाला वरिष्ठ अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागे. वारसांनी तो कागद रद्दीत टाकला, की रायफल कोणी आणि कशी आणली हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो.

५/ म्हणून मित्रहो, जुनी शस्त्रे जपणाऱ्यांनी त्यांवरचे व्रण आणि सोबतचे कागदही तितक्याच निष्ठेने जपावेत.