बंदुकीला कुलूप, करात सूट



घर नीट ठेवायचं म्हणजे काय, याचा अर्धा धडा आपल्याला आईनं आणि सासूबाईंनी दिलेला असतो. फिनाईलची बाटली खाली ठेवायची नाही, झुरळांचं औषध खाण्याच्या डब्यांजवळ नाही, विळी वापरून झाली की पातं मिटून आत. आजोबांच्या गोळ्यांची डबी उशाशी असली तरी नातवाच्या हाती लागता कामा नये. आज याच नियमात बसणाऱ्या, पण आपल्या घरात सहसा नसणाऱ्या एका वस्तूविषयी लिहायचं आहे. ती वस्तू म्हणजे बंदूक.

"अगंबाई, हा काय विषय घरसंसाराच्या पानावर!" असं म्हणाल. पण आपल्यापैकी कितीजणींची मुलं-मुली आज अमेरिकेत आहेत, ते आठवा. बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला आपण तिकडे चार-सहा महिने राहून येतो. म्हणजे तिथलं घरही थोडंफार आपलंच झालं की!

सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी आणि जावई व्हर्जिनिया राज्यात असतात, आता तिथलेच नागरिक आहेत. आसपास चोऱ्या झाल्या म्हणून जावयांनी पिस्तूल घेतलं. नातू अडीच वर्षांचा, कपाटं उघडण्याच्या वयाचा. बाई लिहितात, "पिस्तूल कपाटात वरच्या खणात, कपड्यांखाली असतं असं मुलगी सांगते. मला रात्रभर झोप लागली नाही. पण जावयांना मी काय आणि कसं सांगणार? मुलगी म्हणते, तिथे कुलपाची पेटी घेतली की करात सूट मिळते. हे खरं आहे का?"

खरं आहे. तीच माहिती आज देते, आणि जावयांना कसं सांगायचं तेही पाहू.

लपवणं म्हणजे सांभाळणं नव्हे

आधी त्या कपड्यांखालच्या जागेविषयी. आपण चिवड्याचा डबा कुठेही लपवला तरी मुलांना तो सापडतो, हे कुणाला सांगायला नको. बंदुकीचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बंदूक असलेल्या घरांतल्या आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं विचारून पाहिलं. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. "आमच्या मुलांना जागा माहीत नाही" असं म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी ती जागा बरोबर ठाऊक असल्याचं सांगितलं. "आमच्या मुलानं कधी हात लावलेला नाही" असं सांगणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या बाबतीत मुलांनी, "लावला आहे" असं सांगितलं. आईवडील खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं.

२०१५ सालच्या एका राष्ट्रीय पाहणीवरून असा अंदाज निघाला की, तिथली सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे निदान एक तरी बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते. २०२० पासून तर तिथे १ ते १९ या वयातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हेच झालं. त्याआधी वाहनांचे अपघात पुढे होते. आजीला झोप लागली नाही, यात तिची काही चूक नाही.

सवलत कोणती, आणि कुठे?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कर वेगळा आणि कायदाही वेगळा. त्यामुळे मुलगी कोणत्या राज्यात राहते, हे आधी बघायचं. सवलतीचे मुख्य प्रकार दोन.

पहिला प्रकार विक्रीकर माफीचा. वॉशिंग्टन राज्यानं १९९८ पासून बंदुकीच्या तिजोऱ्यांवरचा विक्रीकर काढून टाकला. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतही तिजोरी आणि चापाला लावायचं कुलूप या दोन्ही वस्तू करमुक्त आहेत. टेनेसीच्या विधिमंडळानं ऑगस्ट २०२३ च्या खास अधिवेशनात असाच कायदा केला आणि कुलपं मोफत वाटायची सोयही केली. मिशिगनची माफी मात्र मुदतीची होती, ती २०२४ अखेर संपली. म्हणून दुकानात जाण्याआधी सवलत चालू आहे ना, हे राज्याच्या करखात्याकडे विचारून घ्यावं.

दुसरा प्रकार प्राप्तिकरात वजावटीचा. तो सांगलीच्या बाईंच्या कामाचा, कारण तो व्हर्जिनियातच आहे. २०२३ या करवर्षापासून तिथे बंदुकीची तिजोरी किंवा कुलपाची पेटी घेतली, तर तिची किंमत ३०० डॉलरपर्यंत राज्याच्या प्राप्तिकरातून वळती होते. मात्र खरेदी केंद्र सरकारचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडूनच हवी. कोपऱ्यावरच्या भांड्याकुंड्यांच्या दुकानातून आणलेली पेटी चालत नाही. पावती जपून ठेवायची. शिवाय साऱ्या राज्यासाठी वर्षाला ५० लाख डॉलर एवढीच रक्कम राखलेली आहे. याखेरीज १५०० डॉलरपर्यंतच्या तिजोरीवर तिथे विक्रीकरही लागत नाही.

हिशेब आपल्या रीतीनं करून पाहू. समजा, पेटी २०० डॉलरची आहे. विक्रीकर ६ टक्के धरला, तर माफीमुळे वाचले १२ डॉलर. व्हर्जिनियात मात्र अख्खे २०० डॉलर करातून वजा होतील. पण त्यासाठी तेवढा कर देणं असायला हवं. ज्याचं उत्पन्न थोडं, त्याला करच लागत नाही, मग वजा तरी कशातून होणार? विक्रीकराची माफी लहान खरी, पण ती गरीब-श्रीमंत सगळ्यांना दुकानातच मिळते. दोन्ही प्रकारांत हा असा फरक आहे.

एवढ्यानं काय होणार?

"बारा डॉलरसाठी का कुणी शहाणं होतं?" असा प्रश्न मनात येईल. बरोबर आहे. केवळ सवलतीनं बेफिकीर माणूस सावध होत नाही. म्हणून अनेक राज्यांनी कायद्याचा धाकही ठेवला. मुलांच्या हाती बंदूक लागू दिली तर मोठ्यांना जबाबदार धरणारा असा पहिला कायदा फ्लोरिडा राज्यात १९८९ साली झाला. अशा कायद्यांनी मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी होतात, असा निष्कर्ष रँड या संशोधन संस्थेनं बऱ्याच अभ्यासांच्या आढाव्यानंतर काढला आहे.

मिशिगनमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलानं घरच्या पिस्तुलानं शाळेतल्या चार विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. २०२४ साली त्याच्या आईला आणि वडिलांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्या घरात तिजोरी होती बरं का! पण तिचा आकडा कारखान्यातून आला तसाच, तीन शून्यं, ठेवलेला होता. म्हणजे पेटी विकत आणली की काम संपलं असं नाही, ती नीट वापरायला हवी.

तरीही सवलतीचा एक उपयोग आहे, आणि मला तो मोठा वाटतो. "तुम्ही बंदूक नीट ठेवत नाही" असं म्हटलं की माणूस चिडतो. "पेटी घेतली तर पैसे वाचतात" असं म्हटलं की तो ऐकून घेतो. कायद्याच्या सक्तीला जिथे कडाडून विरोध होतो, अशा टेनेसीसारख्या राज्यातही करमाफी मंजूर झाली, ती यामुळेच असावी.

जावयांना सांगायचं कसं?

सांगलीच्या बाईंनी हेच करावं. "बंदूक घेतलीतच कशाला?" हा विषय काढू नये. तो त्यांच्या घराचा निर्णय आहे, वाद घातला तर मूळ गोष्ट बाजूलाच राहील. आधी लेकीशी बोलावं. मग चहाच्या वेळी सहज म्हणावं, "अहो, पेटीवर तिथे तीनशे डॉलरपर्यंत सूट मिळते म्हणे. मी येण्याआधी घेऊन ठेवाल का? आता नातू माझ्या हवाली राहणार, तेवढीच मला निश्चिंती." यात कुणाचा मान दुखावत नाही. हिशेबी जावई असतील तर पावतीही त्याच आठवड्यात दाखवतील!

आणि एवढं करूनही त्यांनी हो-ना केली, तर मात्र संकोच सोडून स्पष्ट सांगावं. "पेटीला कुलूप लागेपर्यंत मला घास गोड लागणार नाही," असं म्हणण्याचा आजीला हक्क आहे. भीड धरून गप्प बसण्याची ही जागा नव्हे.

ठेवण्याची रीत

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार सवयी उपयोगी ठरल्या. चारीही लेकीला लिहून पाठवा.

१. बंदूक रिकामी करून ठेवायची. काडतूस आत राहिलेलं नाही ना, हे उघडून पाहायचं.

२. बंदूक कुलपात ठेवायची.

३. काडतुसं बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवायची.

४. काडतुसांनाही कुलूप हवं.

यात माझी भर एवढीच: किल्ली देव्हाऱ्यामागे किंवा फ्रीजवर ठेवू नये आणि आकडा मुलाच्या वाढदिवसाचा नसावा. काचेचं शोभेचं कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. मोठी तिजोरी परवडत नसेल तर तारेचं साधं कुलूप बऱ्याच ठिकाणी पोलीस ठाण्यात फुकट मिळतं. परवानाधारक दुकानदारानं पिस्तूल विकताना कुलूप किंवा तसं साधन द्यावंच, असा २००५ पासून केंद्राचा कायदा आहे. तेव्हा ते कुलूप घरातच कुठेतरी खोक्यात पडून असेल, तेही शोधायला सांगा.

घरात वयात आलेलं मूल असेल तर काळजी दुप्पट. तिथे बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. मनाचा तो घातक क्षण पुष्कळदा लवकर ओसरतो, आणि कुलूप तेवढा वेळ मिळवून देतं. मूल अबोल झालं, जेवणखाण सुटलं, तर बंदूक काही दिवस घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावी आणि डॉक्टरांना गाठावं. तिथे ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.

नातवाला खेळायला पाठवताना

आपल्या घरात बंदूक नसली तरी शेजारच्या घरात असू शकते. म्हणून तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की मुलाला कुणाकडे पाठवण्यापूर्वी विचारून घ्यावं. दरवर्षी २१ जूनला याची आठवण देणारा खास दिवसही पाळला जातो. विचारायला अवघड वाटतं ना? मग इतर प्रश्नांत मिसळून टाका. "त्याला शेंगदाणे चालत नाहीत. तुमच्याकडे पोहण्याचा तलाव आहे का? कुत्रा बांधलेला असतो ना? आणि बंदूक असेल तर कुलपात असते ना?" चौघांत चौथा प्रश्न टोचत नाही. उत्तर मनाजोगं आलं नाही, तर "आज तुमचाच मुलगा आमच्याकडे येऊ दे" म्हणावं.

आपल्याकडे

आपल्याकडे १९५९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. अशी करसवलत मात्र नाही. तरी कोकणात रानडुकरांपासून पीक राखायला शेतीसंरक्षणाची बंदूक असलेली घरं आहेत. निवृत्त सैनिकांची आणि रखवालदारी करणाऱ्यांची घरं आहेत. खुंटीला अडकवलेली बंदूक आणि खालच्या फडताळात दारूगोळा, असं चित्र असेल तर तिथेही या चार सवयी तशाच लागू. सूट मिळो न मिळो, कुलपाचा खर्च फारसा नाही.

लेकीला या आठवड्यात फोन कराल तेव्हा नातवाच्या दातांची, खाण्यापिण्याची चौकशी कराल, त्यातच एवढंही विचारून घ्या: "पेटी आली का गं? आणि किल्ली कुणाकडे असते?"