सब्र म्हणजे तोंड मिटून बसणे नव्हे

तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्याच दिवसांचा. त्यात हाती येणाऱ्या पैशावर चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी घरे पावसाळ्याची बेगमी करतात. म्हणून वाघाची भीती असूनही बायका पहाटे जंगलात जातात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. अशा मृत्यूनंतर वनविभाग येतो, पंचनामा होतो, वारसांना २५ लाख रुपयांची सरकारी मदत मिळते. ती मिळालीच पाहिजे. पण सोबत पाने तोडणारी जी बाई वाचली, तिला रात्री झोप लागते का, हे विचारणारा रकाना त्या पंचनाम्यात नाही.

दुःखाची कारणे इथे अनेक आहेत. गडचिरोलीत नक्षलवादी आणि पोलीस यांच्या संघर्षात दोन्हीकडची घरे उजाड झाली. खबऱ्या असल्याच्या संशयावरून माणसे मारली गेली आणि त्यांच्या मुलांना त्याविषयी बोलायचीही चोरी झाली. जुलै २०२२ मध्ये इरईचे पाणी चंद्रपूरच्या रहमतनगरात शिरले. ज्यांचा संसार त्यात भिजला, त्यांच्या मनातून पुराची धास्ती पाण्याबरोबर ओसरली असेल असे नाही.

अशा वेळी आपल्या घरांत काय होते? मय्यतीला मोहल्ला लोटतो, ताजियतीला माणसे येतात, जेवण शेजारून येते. ही आपली मोठी पुंजी आहे. पण चाळीसवा उरकला की वर्दळ थांबते. त्यानंतर कोणी रडले तर उत्तर ठरलेले असते, ‘सब्र करो.’ आणि मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर ताजियतसुद्धा कुजबुजत होते. आईला धीर देण्याऐवजी ‘जनाजा जायज आहे का’ हीच चर्चा चालते. वास्तविक बहुसंख्य फकीहांच्या मते अशा मृताचीही जनाज्याची नमाज अदा करायची असते. हे त्या आईला त्याच दिवशी सांगणारा माणूस हवा.

दीनने दुःखाला गुन्हा ठरवलेले नाही. मुलाच्या विरहात रडून हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी गेली, तरी कुरआनात त्यांचा सब्र सुंदरच ठरला. त्यांनी आपले दुःख लपवले नाही, ते अल्लाहपुढे मांडले. पुत्र इब्राहीमच्या मृत्यूवेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे डोळे वाहिले. हजरत खदीजा (रजि.) आणि अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्या वर्षाला इतिहासाने ‘दुःखाचे वर्ष’ असेच नाव दिले. हजारएक वर्षांपूर्वी अबू जैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि त्यात भीती, चिंता, उदासी यांचा वेगवेगळा विचार केला. मनाच्या उपचाराला ‘पाश्चात्त्य फॅड’ म्हणणाऱ्यांनी हा आपलाच वारसा आधी वाचावा.

दीनची जाण असलेला समुपदेशक नेमके काय करतो? तो आधी ऐकतो. ऐकलेले अमानत मानतो, मोहल्ल्यात फिरवत नाही. इद्दतीत बसलेल्या बाईला घराबाहेर बोलावण्याऐवजी एखादी समुपदेशक बहीण तिच्या घरी जाते. ‘हे माझ्या गुनाहाची शिक्षा आहे का?’ हा प्रश्न तो हसण्यावारी नेत नाही आणि त्यावर फतवाही काढत नाही. नमाज आणि जिक्र यांतून ज्याला आधार मिळतो, त्याला तो आधार घेऊ देतो. आणि झोप, जेवण तुटले, जीव द्यावासा वाटू लागला, की स्वतः सोबत येऊन डॉक्टरपर्यंत पोहोचवतो.

याच्या उलट वागले की काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसले. दर्ग्याच्या आसऱ्याला आणलेले, साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. पण दुसरे उदाहरणही आहे. गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. ते दुआही करतात आणि रुग्णाला जवळच बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवतात. कुणाची श्रद्धा त्यासाठी तोडावी लागली नाही.

हे काम फक्त पदवीधरांचे आहे असेही नाही. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावकऱ्यांमधूनच कार्यकर्ते घडवले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि बालमृत्यू रोखून दाखवले. बाळ वाचवायला शिकता येते, तर दुःखी माणसाचे ऐकायलाही शिकता येईल.

म्हणून आमचे आवाहन तरुणांना आहे. प्रत्येक मोहल्ल्यातून एक मुलगा आणि एक मुलगी पुढे या, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे प्रशिक्षण मागा, गावच्या आशाताईंशी ओळख ठेवा. इमाम साहेबांना विनंती करा की वर्षातला एखादा तरी जुम्म्याचा खुतबा मनाच्या आजारावर द्यावा. टेलिमानसचा मोफत क्रमांक १४४१६ मशिदीच्या फलकावर लिहा. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. जंगलाकाठच्या गावात दुःखी घर गोंडाचे असेल, बौद्धाचे असेल, हिंदूचे असेल. तिथे आपला दीन आपल्या वागण्यात दिसू द्या, तोंडाने प्रचार नको. दुःखात बुडालेल्या माणसाला आपल्या धर्माकडे ओढणे हा त्याच्या असहायतेचा गैरफायदा आहे.

सुरुवात आजच करता येईल. गेल्या वर्षी ज्या घरी ताजियतीला गेला होता आणि नंतर फिरकला नाहीत, त्या घरी जा. सब्राचा उपदेश करू नका. विचारा, ‘आता कसं वाटतं?’ आणि उत्तर संपेपर्यंत बसा.