नाग नदी आणि विज्ञानावरचा आळ

आपल्या प्रवचनांतून आणि परिसंवादांतून एक तक्रार वारंवार कानी पडते : विज्ञानाने माणसाचा घात केला. दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो, की उद्याचे विज्ञानच माणसाला तारील. ही मते परस्परविरोधी भासली तरी दोन्हींत एकच सोय आहे. आज आपण काही करावे, असा आग्रह त्यांपैकी एकही धरत नाही.

या वादाचा निवाडा करण्यासाठी नागपूरकरांना दूर जावयास नको. जिच्यावरून या नगराला नाव मिळाले असे मानतात, ती नाग नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. याच नगरीत १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती 'नीरी' या नावाने, पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था म्हणून, देशभर ओळखली जाते. सांडपाणी कसे शुद्ध करावे याचे ज्ञान दाराशी असताना नदीची ही दशा झाली. मग आळ ज्ञानावर कसा घालावा?

पैसा नाही, असे कोणी म्हणेल. परंतु भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरविले जाते. हे योग्यच आहे. त्यामुळे तितके स्वच्छ पाणी वाचते. मात्र त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : मागणारा बलवान असला, की विज्ञानही सापडते आणि पैसाही. नाग पिवळी नदीसह कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. तेथील शेतकरी आणि मासेमार यांच्या मागणीला असे वजन नाही. नदी शुद्धीकरणाच्या योजना मंजूर झाल्या. पण मंजुरीने पाणी निवळत नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी अज्ञानी नव्हते. जखमी माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. आपले पापही अज्ञानाचे नाही, बगल देण्याचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला. ते परिपत्रक आपण गौरविले. त्याचा हिशेब मात्र मांडला नाही.

तेव्हा मानवाच्या भवितव्याविषयी आणखी एक व्याख्यान ठेवण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने एक साधा प्रश्न विचारावा : आपले चर्च, शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि आपली घरे यांचे सांडपाणी नेमके कोठे जाते? उत्तर लेखी मागावे; प्रथम स्वतःच्या संस्थांकडे, मग महानगरपालिकेकडे. ते उत्तर वेदीवरून सर्वांना वाचून दाखवावे. विज्ञानाने आपले काम केले आहे. उरलेले काम प्रयोगशाळेचे नाही, आपले आहे.