मुरूम, मुलतानी माती आणि आपण

मी पडले कॉन्व्हेंटवाली. 'तारुण्यपीटिका' हा शब्द हॉस्टेलवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पी.टी.च्या तासाचाच काहीतरी प्रकार असणार! आमच्यासाठी ते पिंपल्स. गावाकडच्या मैत्रिणी म्हणतात मुरूम, आणि आम्हा सिव्हिलवाल्यांचा मुरूम तर रस्त्याच्या भरावात जातो. असो. सबमिशनच्या दिवसांत जागरणं सुरू झाली, की हे हमखास उगवतात आणि त्यांच्या मागोमाग रूमरूममधून वैद्य उगवतात.

मित्रांनो, काय काय सांगत नाहीत! सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ, मसुराचं पीठ, मुलतानी माती, कडुलिंबाचा पाला, हळद, लिंबू, खायचा सोडा. मुलांच्या हॉस्टेलचा फंडा म्हणजे टूथपेस्ट. ती घरगुती कशी आणि नैसर्गिक कशी, हे त्यांनाच ठाऊक.

माझं भांडण आजीशी नाही. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समीकरणाशी आहे. फर्स्ट इयरचं केमिस्ट्री आठवा. त्वचेचा पीएच साधारण ५, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. म्हणजे आधी आम्ल चोळायचं आणि मग त्यावर अल्कली! लिंबू लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग पडतात, ते वेगळंच. आमच्या मजल्यावरच्या एकीने लिंबू-सोडा लावून गाल भाजून घेतला. आठ दिवस ती मेसमध्ये आली नाही, रूमी तिचा डबा वर न्यायची. मुरूम तीन होते, डाग गालभर झाला.

मुळात हे प्रकरण कातडीच्या वर नसतंच. वयात येताना हार्मोन्समुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत जंतू वाढतात आणि सूज येते. ड्रेनेज तुंबल्यावर वरच्या फरशीला पॉलिश करून काय होणार? तरीही 'मला जायफळाने गुण आला' म्हणणारे भेटतातच, आणि ते खोटं बोलत नाहीत. बारीक मुरूम बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत आपोआप बसतो. त्या दिवसांत जे लावलं असेल, श्रेय त्याला! लॅबमध्ये तीन रीडिंगची सरासरी काढल्याशिवाय सर सही करत नाहीत, इथे मात्र एका रीडिंगवर थिअरी तयार.

काही नैसर्गिक गोष्टी खरंच चालतात, पण त्या तपासल्या गेल्या म्हणून. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ पेशंटवर ५ टक्के टी ट्री तेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी फरक पडला, तेलाचा गुण उशिरा दिसला. लक्षात घ्या, ५ टक्के! बाटलीतलं नुसतं तेल फासलं तर जळजळ ठरलेली. हळदीच्या लेपाने फार बिघडणार नाही, पण व्हायवाला पिवळं तोंड घेऊन जावं लागेल.

मला खरी भीती वाटते ती पुढच्या पायरीची. लेप लावून कंटाळा आला की कुणीतरी एक ट्यूब देतं. दोन दिवसांत गाल गुळगुळीत! आत असतं बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल, म्हणजे स्टेरॉइड. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि बंद केलं की मुरूम दुपटीने परत. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने २०१८ मध्ये बंदी केली. तरी सीनियरच्या जर्नलसारखी ती ट्यूब या रूममधून त्या रूममध्ये फिरतेच.

डॉक्टर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीन देतात. त्याला निदान सहा ते आठ आठवडे लागतात आणि सुरुवातीला चेहरा कोरडा पडतो. आपल्याला हवं असतं शनिवारच्या गॅदरिंगआधी. पण खोल, दुखऱ्या गाठी असतील तर थांबू नका, फोडू तर नकाच. त्यांचे खड्डे जन्मभर राहतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत केसपेपर काढला की काम होतं, लाज कसली?

आणि स्टाफमधल्या वडीलधाऱ्यांनो, 'पोट साफ होतं ना?', 'तेलकट कमी खा' हे कॉरिडॉरमध्ये चारचौघांत विचारणं, सांगणं प्लीज थांबवा. मेसच्या वड्यापेक्षा साखर आणि कोल्ड्रिंकवर संशय घ्यायला जास्त जागा आहे. रेक्टर मॅडमना एकच विनंती: नोटीस बोर्डावर मेसच्या थकबाकीशेजारी जवळच्या स्किन ओपीडीचे वार आणि वेळ लावा. कागद मी टाइप करून देते.