ग्रह बलवान, पण कोणत्या पंचांगात?

‘गुरू बलवान होता म्हणून लोकमान्य घडले’ असे कुंडली मांडून सांगणाऱ्यांना आमचा प्रश्न एवढाच : ही कुंडली कोणत्या पंचांगाची?

१८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून राशिचक्र मोजण्याचा पक्ष उचलून धरला. टिळक पंचांग ते हेच. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानला. या दोन आरंभांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे.

आता बळ पाहा. केतकरांच्या गणिताने शनी कन्येत २८ अंशांवर असेल, तर टिळकांच्या गणिताने तो तुळेत २ अंशांवर, म्हणजे थेट उच्च राशीत. आकाशातला शनी तसूभरही हललेला नसतो! ३० अंशांच्या राशीत ४ अंश म्हणजे साधारणपणे साडेसातांत एका ग्रहाची रास बदलणार. (साडेसातच, हा योगायोग.) चंद्राचे नक्षत्र तर दहांत तिनांचे बदलते, आणि त्यासोबत सगळा दशाक्रम. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित सायन पक्षाचे; त्या मापाने केतकरांशी आजची तफावत २४ अंशांच्या घरात जाते.

षड्बलाची बेरीज दशांशापर्यंत करणाऱ्यांनी आधी शून्य कुठे, ते सांगावे.

आणि टिळकांनी स्वतः? ‘ओरायन’मध्ये (१८९३) त्यांनी वसंतसंपाताच्या याच सरकण्यावरून वेदांचा काळ मोजला.