निखारा कोणाच्या हाती?

कल्याणहून मुरबाडच्या वाटेस लागले म्हणजे शहराची गजबज मागे पडते व भातखाचरे आणि पाडे दिसू लागतात. याच तालुक्यातील एका गावी मार्च २०२४ मध्ये एका वृद्धास, तो जादूटोणा करतो या संशयावरून, गावकऱ्यांनी जळत्या निखाऱ्यांवर नाचावयास लावले. ‘अडाणीपणाचा हा परिणाम!’ असे म्हणून आपण शहरवासी मोकळे होतो. परंतु हे उत्तर मला अपुरे वाटते.

अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ हे नाटक १९५३ साली रंगभूमीवर आले. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. सेलम गावी १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांस फाशी देण्यात आले, त्या हकीकतीवर ते रचिलेले आहे. सेलमचे लोक निरक्षर नव्हते. धर्मग्रंथ त्यांच्या नित्य वाचनात असे व न्यायासनावर प्रतिष्ठित पुरुष बसले होते. मग हा अनर्थ का ओढवला?

नाटकात त्याची तीन कारणे दिसतात. पहिले, स्वतःचा अपराध झाकण्याची धडपड. रानात नाचताना सापडलेल्या मुली शिक्षेच्या भयाने इतरांची नावे घेतात. दुसरे, सूड. अबिगेल हिला ज्या घरातून कामावरून दूर केले, त्याच घरच्या गृहिणीवर ती आळ घेते. तिसरे, अधिकाराचा अहंकार. काल फासावर दिलेले निर्दोष ठरतील, या भीतीने न्यायाधीश डॅनफर्थ आज चूक कबूल करीत नाही. त्याच्या न्यायालयात खोटी कबुली देणारा जगतो आणि खरे बोलणारा मरतो. निखाऱ्यांचा न्याय तरी याहून निराळा कोठे आहे? पाय भाजले तर तो दोषी, न भाजले तर जादूगार!

आपल्या रंगभूमीनेही हे दाखविले आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या १९७२ च्या नाटकात अपमानाने पेटलेला घाशीराम सत्ता हाती येताच चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणास तप्त लोहगोळ्याचे दिव्य करावयास लावतो. सूडास अधिकाराची जोड मिळाली म्हणजे न्यायाचे नाव मात्र शिल्लक राहते.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. त्यात सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्याच वर्षी, २० ऑगस्ट रोजी, त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. तथापि कायदा बहुधा निखारे विझल्यावर येऊन पोहोचतो. निखारे पेटण्यापूर्वी ‘पुरावा काय?’ असे विचारणारा एक तरी मनुष्य जमावात हवा.

तो का नसतो? नाटकातील जॉन प्रॉक्टर याचे उत्तर देतो. त्याने स्वतः पत्नीचा विश्वासघात केलेला असतो. म्हणून सत्य ठाऊक असूनही तो प्रथम कचरतो. आपणही असेच कचरतो. परंतु बोलण्यासाठी निष्कलंक असावे लागत नाही. अखेरीस प्रॉक्टर आपला दोष भर न्यायालयात सांगतो, खोट्या कबुलीचा कागद फाडतो व मरण पत्करतो. खऱ्या सेलमच्या खटल्यांतील न्यायाधीश सॅम्युएल सेवॉल यांनीही १६९७ साली बॉस्टनच्या चर्चमध्ये सर्वांसमक्ष उभे राहून आपला दोष पदरी घेतला. त्यायोगे मेलेले परत आले नाहीत. पण चूक कबूल केल्याने अधिकाऱ्याची पत जात नाही, हे डॅनफर्थला न उमगलेले सत्य त्यांनी दाखवून दिले.

वर्गात एखाद्याचे पैसे हरवतात आणि कोणी तरी एका नावाची कुजबुज सुरू करतो. बहुधा ते नाव गरिबाचे किंवा एकट्या पडलेल्या मुलाचे असते. घरी एखादे दूषण ऐकून आपण वडीलधारेही पुष्कळदा मान डोलावतो. निखारे तेथेच पेटू लागतात. तेव्हा, मुलांनो, त्या क्षणी ‘पुरावा काय?’ एवढेच विचारा. आणि पालकहो, तो प्रश्न तुमच्या मुलाने तुम्हांस विचारला तर त्यास उद्धट म्हणू नका.