बाळंतीण आणि सायकल
बाळंतीण सायकलवर बसली की आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक, ‘अगो, अंग बाहेर येईल हं’ म्हणून घाबरवणारी. दुसरी, ‘वा, आता झटपट बारीक होशील!’ म्हणणारी. मला दोघांचाही सारखाच राग येतो.

सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी मी आनंदानं करून घेतली. टाके भरायचे असतात, नऊ महिने भार पेललेले तळचे स्नायू सैल झालेले असतात. पण सव्वा महिना म्हणजे जन्मठेप नव्हे! डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की आधी त्या स्नायूंचे व्यायाम, मग चालणं, मग सायकल. पळताना बसतात तसे हादरे सायकलीवर बसत नाहीत. त्रास असतो तो सीटचा. दुखलं की थांबायचं, आणि हँडल जरा वर घ्यायचं. वाकून बसलं की नेमका नको तिथं दाब येतो.

मी दिवाडीला जाते. रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे शेतांमधला सपाट रस्ता. पियेदादची चढण अजून नाही.

ब्रिटनच्या लिझी डायग्ननला सप्टेंबर 2018 मध्ये मुलगी झाली, आणि 2021 मध्ये बायकांची पहिलीवहिली पॅरिस-रुबे शर्यत तिनं जिंकली. कौतुकच आहे. पण ती गरोदर असतानाच एका संघानं तिच्याशी करार केला होता! आपल्याकडे तासभर बाळ कोण घेणार, तिथंच सगळं अडतं. माझ्या सासूबाईंनी घेतलं. ‘पाजून जा, उन्हं चढायच्या आत ये’, एवढंच म्हणाल्या. सल्ले देणाऱ्यांपैकी एकीनंही हात पुढे केला नव्हता.